मागे एक खोली काढू या

सॅन होजेतल्या मराठी घरांत हल्ली गप्पांचा विषय बदललाय. पूर्वी ग्रीन कार्डाची रांग आणि शाळांचं रेटिंग यांपलीकडे गाडी जात नसे. आता जेवणं उरकली की यजमान पाहुण्यांना मागच्या अंगणात नेतात, लिंबाच्या झाडापासून कुंपणापर्यंत हात फिरवतात आणि म्हणतात, "इथं एक युनिट टाकायचं म्हणतोय. आईबाबांसाठी." मी वास्तुविशारद. कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणारी छोटी घरं आखणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्याचकडे येणार हे ठरलेलं असतं.

परसात दुसरं घर बांधायला इथं फार वर्षं कुणी देतच नव्हतं. एका प्लॉटवर एक घर, त्यात एक कुटुंब, असा दंडक. २०१९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिशेब मांडला तेव्हा सॅन होजेतली राहण्याची ९४ टक्के जमीन अशा सुट्या घरांसाठीच राखलेली निघाली. घरांचे भाव मात्र आभाळाला टेकलेले. शेवटी कॅलिफोर्नियाच्या राज्य सरकारने नगरपालिकांचा हात धरला. २०१६ साली झालेले कायदे २०१७ पासून लागू झाले, आणि त्यांना खरे दात फुटले ते २०२० पासून. आता नियमात बसणारा अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा लागतो. शेजाऱ्याची सुनावणी नाही. बाजूच्या आणि मागच्या कुंपणापासून चार फूट सोडले की आठशे चौरस फुटांचं, सोळा फूट उंचीचं घर अडवता येत नाही. साडेसातशे फुटांच्या आतलं असेल तर विकास शुल्कही माफ. सॅन होजे महापालिकेने तर काही आराखडे आधीच मंजूर करून ठेवलेत. त्यातला एक निवडायचा, की काम पुढे सरकतं. २०२४ पासून हे मागचं घर फ्लॅटसारखं वेगळं विकायचीही सोय झाली, आणि तो नियम स्वीकारणारं राज्यातलं पहिलं शहर हेच.

हे सगळं ऐकताना मला हसू यायचं, कारण मी भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावची. स्टेशनवरून उत्तनची बस पकडली की आधी मुर्धा, मग राई, मोर्वा, डोंगरी. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला शेतं आणि वाड्या. घराला पुढे ओटी, मागे परस. थोरल्याचं लग्न ठरलं की पडवीला भिंत घालून तिची खोली व्हायची. धाकट्याच्या वेळी परसात नवी खोली निघायची. मग लोकलने नोकरीला जाणारे भाडेकरू येऊ लागले आणि "मागे चार खोल्या काढल्या" हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागलं. कागदावर नकाशा नसे. गवंडीमामा यायचे, घरातली मोठी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि ती सांगेल तिथं फक्की पडायची. चूल इथं, मोरी तिथं, दार विहिरीकडे. ती फक्की पायाने पुसून पुन्हा मारलेली मी पाहिलीय. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ साली सव्वापाच लाखांच्या जरा आत होती, २०११ ला आठ लाखांवर गेली. तेव्हा टॉवर उभे राहिले हे सगळ्यांना दिसलं. परसातल्या पत्र्याच्या खोल्यांनी किती संसार सामावून घेतले ते कुणी मोजलं नाही. त्यातल्या बऱ्याच खोल्या महापालिकेच्या लेखी अनधिकृत. गावठाणं आणि कोळीवाडे यांचं सीमांकन करा, ही मागणी जुनी आहे आणि नोटिशीही जुन्याच आहेत.

कॅलिफोर्नियातही लोक गॅरेजमध्ये, परसातल्या शेडमध्ये चोरून राहतच होते. फरक इतकाच की इथल्या सरकारने नियम बदलले. २०२४ साली आणखी एक कायदा झाला: २०२० पूर्वी परवानगीशिवाय बांधलेल्या अशा घरांना, राहायला धोकादायक नसतील तर, नियमित करून घ्यायची वाट दिली. मुर्ध्यातल्या माझ्या काकांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या त्या साहेबाला इकडं पाठव जरा."

आता धंद्यातलं सांगते. आमच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: तुमचं घर, तुमच्या मनासारखं. मनासारखं म्हणजे काय? बाहेरच्या फळ्यांचा रंग, आतली फरशी, कपाटांची दारं, नळ. फार तर नकाशा डावा-उजवा उलटा करून मिळतो. एवढंच का, तर कारण साधं आहे. कारखान्यात बनणाऱ्या घराचा आराखडा राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून मंजूर होतो, तपासणीही कारखान्यातच होते आणि घरावर राज्याचा शिक्का बसतो. शहराच्या निरीक्षकाने बघायचं ते पाया, पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी. याच व्यवस्थेमुळे वेळ वाचतो. पण एखादी खिडकी दोन फूट सरकवायची म्हटली की आराखडा पुन्हा मंजुरीला जातो, कारण ती भिंत भूकंपाचा धक्का पेलणारी असते आणि तिला कुठं भोक पाडायचं याचं गणित बदलतं. रुंदीचं तर विचारूच नका. साडेआठ फुटांहून रुंद माल रस्त्यावरून न्यायचा तर खास परवाना, त्याहून रुंद असेल तर पुढेमागे गाड्या. म्हणजे खोली किती रुंद असावी हे तिच्यात राहणाऱ्याच्या पलंगावरून ठरत नाही, हायवेवरून ठरतं.

कारखान्यातलं घर म्हणजे स्वस्त, हाही एक गोड गैरसमज. घर येतं तयार, पण पाया घालायचा असतो, गटारासाठी अंगणभर चर खणायचा असतो, जुन्या घराचा विजेचा बोर्ड अपुरा म्हणून तो बदलायचा असतो आणि एक दिवस क्रेन आणायची असते. क्रेनचा दिवस मात्र बघण्यासारखा. गल्ली बंद, पोरं फुटपाथवर ओळीने बसलेली, आणि कित्येक टनांचं घर खिडक्यांसकट जुन्या घराच्या छपरावरून हळूच मागे जातं. विजेच्या तारा मध्ये आल्या तर सगळ्यांचे श्वास अडकतात. हे सारं धरून अडीच-तीन लाख डॉलर सहज लागतात.

अमेरिकनांना यात नवल काही नाही. 'सीअर्स' कंपनीने १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून सत्तर हजारांवर घरं विकली. लाकूड, खिळे, रंग सगळं आगगाडीने यायचं. आणि आपल्याकडेही २०२२ साली सिडकोने बामणडोंगरीला कारखान्यात ओतलेले भाग जोडून ९६ दिवसांत ९६ फ्लॅट उभे केले होते. तंत्र दोन्हीकडे आहे. त्या घरात नेमकं कोण राहणार, हे विचारायला मात्र दोन्हीकडे वेळ नसतो.

एव्हरग्रीन भागातल्या एका मराठी जोडप्याचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे होतं. नवऱ्याचे वडील एसटीतून निवृत्त, नगरचे. काकूंना घेऊन व्हिसावर आले होते. नकाशाची अंतिम सही घ्यायला मी गेले तेव्हा मुलगा आणि सून कपाटांच्या रंगावर अडले होते: पांढरा की राखाडी. काका चष्मा लावून कागद बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, दार कुठं उघडतं?"

"अंगणात, काका. ह्यांच्या स्वयंपाकघरासमोर."

"आणि फाटक?"

"ते बाजूच्या बोळात. इकडे."

"मग फाटकाशी कोण आलं-गेलं ते मला दिसणार कसं? मी दिवसभर ह्यांच्या भांड्यांकडे बघत बसू?"

मुलगा म्हणाला, "बाबा, इथं फाटकाशी कुणी येत नाही." काका म्हणाले, "टपालवाला तर येत असेल?"

दार हलवायचं तर मंजुरी, महिने, डॉलर. मी रात्री नकाशा पारदर्शक कागदावर काढला आणि अख्खं घरच फिरवून पाहिलं. घर फिरवायला राज्याची हरकत नसते; पाया आणि जोडण्या शहराच्या अखत्यारीत. सांडपाण्याचा चर थोडा लांबला, त्याचे पैसे वेगळे पडले, पण दार बोळाकडे आलं आणि काकांच्या खुर्चीतून फाटक दिसू लागलं. काकूंनी एवढंच विचारलं की भाकरी कशी भाजायची. शेगडी इंडक्शनची, तिथं ज्योत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर ओट्यावर गॅसची छोटी शेगडी ठेवायची, असं ठरलं. उंबऱ्याची पायरी काढून उतार केला, कमोडशेजारी भिंतीत आधाराची दांडी बसेल अशी लाकडी पट्टी आत घालून घेतली. माहितीपत्रकात यातलं एकही नव्हतं.

आणि तरीही हिशेब नीट बघा. आईवडील पर्यटक व्हिसावर येतात तेव्हा एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. आजारपणाचा विमा वेगळा काढायचा, त्यात जुनी दुखणी धड बसत नाहीत. ग्रीन कार्ड घेतलं तरी पैसे भरून मेडिकेअर मिळवायला सलग पाच वर्षं इथं राहिलेलं असावं लागतं. वर गाडी चालवता येत नाही, भाजी आणायला कुणी तरी न्यावं लागतं. भाईंदरच्या वन-बीएचकेत आईला खाली उतरलं की भाजीवाला, देऊळ, डॉक्टर आणि भांडायला सोसायटीची सेक्रेटरी, सगळं पाच मिनिटांत. मीरा-भाईंदर सुमारे ७९ चौरस किलोमीटरचं, तिथं २०११ सालीच आठ लाख माणसं. सॅन होजे त्याच्या पाच-सहापट मोठं आणि माणसं जेमतेम दहा लाख. इथली शांतता चार दिवस बरी वाटते. मग आई खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघते, आणि परतीच्या तिकिटाची तारीख विचारते.

म्हणून मी बांधलेल्या बऱ्याच "आईबाबांच्या घरां"त आज भाडेकरू राहतात: नुकते नोकरीला लागलेले इंजिनिअर, नर्स, एखादं नवं लग्न झालेलं जोडपं. त्यात वाईट काही नाही. शहराला घरं हवी आहेत, कायदा त्यासाठीच केला गेला, आणि मुर्ध्यात आमच्या परसातल्या खोल्यांनीही तेच केलं. पण मग तसं म्हणावं. आईबाबांचं नाव पुढे करून बँकेकडून कर्ज काढायचं, आणि नकाशा मात्र भाडेकरूचा, हे मला पटत नाही. कंपनीतले कुणी मराठी वाचत नाहीत, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

खरंच आईवडिलांसाठी बांधणार असाल तर सही करण्यापूर्वी एक करा. हार्डवेअरच्या दुकानात खडूची पूड मिळते. आईवडील इथं आलेले असताना खऱ्या मापाने अंगणात फक्की मारा, दार येईल तिथं एक खुर्ची टाका, आणि एक अख्खी दुपार त्यांना तिथं बसू द्या. ते म्हणतील तिकडे दार फिरवा. आणि "आम्हाला मागे नको, तुमच्यातच बरं," असं म्हणाले, तर आमच्या कंपनीला फोन करू नका. तळमजल्यावरच्या न्हाणीघरात दांडी बसवा, घसरणारी फरशी बदला. तेवढं काम कोणताही सुतार दोन दिवसांत करून देईल.