सतरा नंबरचा फॉर्म आणि मिटलेलं पुस्तक

सतरा नंबरचा फॉर्म भरून झाला तेव्हा वाटलं, अवघड ते उरकलं. शाळा सोडल्याचा जुना दाखला हुडकायचा, दाखल्यावरची माहेरची बाई आणि आधार कार्डावरची सासरची बाई एकच आहे हे पटवून द्यायचं, ऑनलाइन फॉर्म, फी, मग संपर्क केंद्र म्हणून मिळालेल्या शाळेत कागद नेऊन द्यायचे. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन पेडगावला आले, आणि आता चाळिशी ओलांडल्यावर खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. पुतण्याची गेल्या वर्षीची पुस्तकं आयतीच घरात होती. ती पुढ्यात घेऊन बसले आणि कळेना, आता करायचं काय?

म्हणजे वाचता येतं हो मला. पण अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात, हे शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं. ‘अभ्यास कर’ एवढंच सगळे म्हणायचे. आता मात्र सांगणाऱ्यांची रांग लागली. सासूबाई म्हणाल्या, ‘पहाटं उठून वाचावं, ध्यानात ऱ्हातं.’ दीर म्हणाले, ‘एकेक उत्तर दहादा लिहा, वहिनी.’ पुतण्या म्हणाला, ‘काकू, अपेक्षित घ्या. पुस्तक कोण वाचतंय?’ शेजारच्या मुलीनं आपलं विज्ञानाचं पुस्तक दाखवलं. त्यात पिवळ्या पेनानं इतक्या ओळी रंगवल्या होत्या की न रंगवलेल्याच आधी डोळ्यात भरत. कुणाचं ऐकावं?

उलगडा केला मोठ्या पुतणीनं. ती परभणीला बी.एड. करते, सुट्टीला गावी येते. भूगोलाचं पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारीशेजारी मांडून शिकवलेत. प्राकृतिक रचनेचा धडा माझा पुन्हा पुन्हा वाचून झाला होता, सगळं कसं ओळखीचं वाटत होतं. तिनं पुस्तक काढून घेतलं, मिटलं आणि म्हणाली, ‘आता सांगा काकू, ब्राझीलचे प्राकृतिक विभाग कोणते?’

अॅमेझॉनचं खोरं सांगितलं. ब्राझील उच्चभूमी सांगितली. पुढं काही येईना. बाजारात ओळखीची बाई भेटते, आपण हसून बोलतो, आणि नाव मात्र काही केल्या आठवत नाही, तशातली गत. अजस्र कडा, किनारी प्रदेश, पँटानल, सगळं अर्ध्या तासापूर्वी नजरेखालून गेलेलं. एकच गोष्ट न अडखळता आली, ती म्हणजे अवर्षण चतुष्कोन. ब्राझीलच्या ईशान्येचा हा कोरडा तुकडा. समुद्रावरून येणारे वारे उंच कड्याला अडतात, पाऊस किनाऱ्यावर पडतो आणि पलीकडची उच्चभूमी पर्जन्यछायेत राहते. मराठवाड्यातल्या बाईला हे पाठ करावं लागत नाही.

पुतणी म्हणाली, ‘जे आलं नाही तेवढंच आता बघा.’ बघितलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना पँटानल आपणहून आठवलं, आणि मला त्याचं फार नवल वाटलं.

मग तिनं तिच्या अभ्यासक्रमातलं सांगितलं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचायचा, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मला यातलं ते पाच मिनिटांचंच जास्त पटलं. वाचून उठल्या उठल्या खरंच सगळं येत असतं, म्हणून तर माणूस निर्धास्त होतो. पुढे 2013 मध्ये डनलॉस्की आणि त्याच्या सोबत्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवस सोडून करणं, या दोनच वरच्या रांगेत बसल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं खालच्या रांगेत. शेजारणीच्या मुलीला हे अजून सांगितलेलं नाही. तिचं पुस्तक रंगवून पूर्ण व्हायला आलंय.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाचंही तिनं सांगितलं. त्यानं अर्थ नसलेले अक्षरगट स्वतःच पाठ केले आणि ते किती विसरतो हे स्वतःवरच मोजलं. 1885 मध्ये पुस्तक काढलं. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर वाया गेलेलं! हे ऐकून मला जरा धीर आला, पण हेही वाटलं की निरर्थक अक्षरं कुणाच्या ध्यानात राहतील? अर्थ लागलेलं इतक्या लवकर जात नाही. पुतणी म्हणाली, जातंच, फक्त सावकाश.

दिवस सोडून करायचं हे मात्र माझ्या फार कामाचं निघालं. सलग दोन तास बसायला मला कोण देणार? दिवाळीपासून कापूस, त्यात तूर, घरात म्हातारं माणूस. हीच माझी मोठी अडचण, असं मी धरून चालले होते. आणि हे शास्त्रवाले तर म्हणतात, थोडं करा, सोडा, विसरायला लागलात की परत या.

त्यासाठी चिठ्ठ्या केल्या. घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला असतो, त्यांची पाठ कोरी असते. त्या कापल्या. कोऱ्या बाजूला प्रश्न आणि कोपऱ्यात पुस्तकाचा पान नंबर. उत्तर मुद्दाम लिहिलं नाही, कारण हाताशी असलं की डोळा तिकडेच जातो. बिस्किटांचे तीन डबे घेतले. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोजच्या. उत्तर आलं की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, तो आठवड्यानं उघडायचा. तिथंही आलं तर तिसऱ्यात, तो महिन्यानं. चुकलं की चिठ्ठी परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं 1970 च्या दशकात ही रीत मांडली म्हणे. तिसरा डबा मी अमावास्येला उघडायचं ठरवलं होतं, लक्षात राहावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, ‘आवसंला कशाला माय, पुनवंला उघड की.’ पुनवेवर आणला.

वेचणीला जाताना पहिल्या डब्यातल्या पाच-सात चिठ्ठ्या वाचून निघायचं आणि रानात उत्तरं म्हणायची. कापूस वेचताना हात आपोआप चालतात. ओटी कमरेला, बोंडाची टोकं बोटांना टोचत असतात, डोकं रिकामं असतं. शेजारच्या तासात जाऊबाई. मी म्हणायचं, ‘भारताची प्रमाणवेळ ब्याऐंशी अंश तीस मिनिटं पूर्व रेखावृत्तावरून धरतात.’ काही दिवसांनी मी अडले की त्याच पुढचं सांगू लागल्या. त्यांनी चिठ्ठी कधी पाहिलेलीसुद्धा नाही.

तेव्हा देवळातला हरिपाठ ध्यानात आला. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांना तो तोंडपाठ आहे. त्यांच्या हातात पुस्तक कधीच नव्हतं, आणि एखादी चुकली तर बाजूची लगेच सावरून घेते. यात थोडं वेगळंही आहे. हरिपाठ रोज त्याच क्रमानं, त्याच चालीत येतो. बोर्डाचा प्रश्न उलटा फिरवून येतो. म्हणून चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसाव्याच लागतात.

गणितात तर हे फारच. सरावसंचात सगळी गणितं एकाच जातीची असतात. अंकगणिती श्रेढीच्या सरावसंचात सूत्र कोणतं लावायचं हे शोधावं लागत नाही, धडाच सांगतो. प्रश्नपत्रिकेत मात्र ती मिसळून येतात. मी वर्गसमीकरण, श्रेढी, संभाव्यता अशी गणितं चिठ्ठ्यांवर उतरवून एकाच डब्यात टाकली. पहिले काही दिवस डोकं पार गरगरलं. जीएसटीचा धडा त्या मानानं सोपा गेला; फवारणीच्या औषधाच्या पावतीवर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा असे दोन आकडे छापलेलेच असतात.

विज्ञानात भिंगांचा धडा आहे. भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले नाभीय अंतर, अंतर मीटरमध्ये. हे वाचते त्या चष्म्याचा नंबर सव्वा आहे. एक भागिले 1.25 केलं, 0.8 मीटर आलं, म्हणजे ऐंशी सेंटिमीटर. नंबरामागे अधिकचं चिन्ह, म्हणून भिंग बहिर्गोल. ही चिठ्ठी एकदाही पहिल्या डब्यात परत आली नाही.

अडलं आहे ते भूमितीवर. बीजगणित 40, भूमिती 40 आणि शाळेकडचे 20. शंभरातून पस्तीस हवेत. माझा हिशेब असा की बीजगणित नीट करावं, रचना आणि सोपी उदाहरणं घ्यावीत, आणि वर्तुळाची प्रमेयं सरळ सोडून द्यावीत. पुतणीला हे अजिबात मान्य नाही. ती म्हणते, कोऱ्या कागदावर आकृती काढा, पक्ष आणि साध्य लिहा, सिद्धता जिथं थांबेल तिथपर्यंत जाऊ द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, ‘अगं, तूर काढायची राहिलीय अजून.’ ती म्हणाली, ‘मग प्रमेय तुरीत म्हणा.’ आकृतीशिवाय प्रमेय तुरीत कसं म्हणायचं, ते मी तिला पुढच्या सुट्टीत विचारणार आहे.