उद्गारचिन्हापाशी थांबताना

ख्रिस वॉलशॉ यांच्या एबीसी नोटेशनमध्ये आयरिश रील किंवा जिग अशी नाचाची धून साध्या की-बोर्डवर टाइप करता येते. अक्षर म्हणजे स्वर, त्यापुढचा आकडा म्हणजे त्याची लांबी. अक्षरं चिकटून लिहिली तर छापताना स्वरांच्या शेपट्या एका दांडीने जोडल्या जातात, मधे जागा सोडली तर सुट्या राहतात. वाजवणाऱ्यांच्या हाताला सोयीची अशी ही लिपी मला फार प्रिय आहे. मी तिचा पार्सर, म्हणजे ती वाचून अर्थ लावणारा प्रोग्राम, लिहितो.

चिन्हं मोजकी आणि कामं फार. '(' ने स्लर सुरू होतो, पण लगेच तीनचा आकडा आला तर ती ट्रिपलेट. '[' नंतर स्वर आले तर कॉर्ड, आकडा आला तर पुनरावृत्तीचा पहिला किंवा दुसरा शेवट, एखादं अक्षर आणि अपूर्णविराम आला तर मधेच पट्टी किंवा ताल बदलण्याची सूचना. इथे पुढे जरा डोकावलं की निकाल लागतो.

'!' चं तसं नाही. एबीसी-टू-विन हा विंडोजवरचा जुना प्रोग्राम हे चिन्ह दिसलं की छापील ओळ तोडायचा. पुढे प्रमाण एबीसीत तेच चिन्ह अलंकारांच्या दोन्ही बाजूंना आलं: मधे ट्रिल, फर्माटा, किंवा जोरात वाजवा म्हणून नुसता छोटा एफ. आणि छोटा एफ हा तर स्वरही आहे! दोन उद्गारचिन्हांमधल्या एकट्या एफचं काय करायचं? व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. उत्तर संगीताकडून येतं: एका स्वरासाठी कुणी अख्खी ओळ खर्च करत नाही. रीलचा एक भाग सहसा आठ बारांचा, चार-चार बारांच्या दोन ओळींत नीट बसणारा. म्हणून माझा पार्सर '!' चा अर्थ लावण्याआधी बार मोजतो.

एबीसीच्या डिसेंबर २०११ च्या २.१ प्रमाणाने ठरवलं की फाइलच्या पहिल्या ओळीत ही आवृत्ती नोंदलेली असेल तर अर्थ काटेकोर लावायचा. आवृत्ती नसेल किंवा जुनी असेल तर सैल. मला हे मनापासून पटतं. जुन्या फाइली चुकीच्या नाहीत, त्या त्यांच्या काळच्या रिवाजाने लिहिल्या आहेत. तरीही संशय उरला, तर पार्सरने गुपचूप एक अर्थ उचलू नये. मी ओळीचा क्रमांक दाखवतो आणि दोन्ही अर्थांनी छापलेली धून शेजारी-शेजारी ठेवतो. ज्याला ती धून येते, तो पाहताक्षणी सांगतो. मग ओळ तोडण्याचं चिन्ह कोणतं, ही सूचना फाइलच्या डोक्यावरच लिहून टाकतो.