हायवेला किती देते?

मंडळाच्या कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना पुरुषमंडळींचा विषय ठरलेला असतो. कोणी नवी गाडी घेतली असेल तर किंमत विचारतात, आणि जुनी घेतली असेल तर एकच प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" उत्तरही ठरलेलं असतं. शहरात चौदा, हायवेला अठरा. आजवर एकाही माणसाने मला हायवेला अठराच्या खालचा आकडा सांगितलेला नाही. मीसुद्धा दोन वर्षांपूर्वी हेच सांगायचो, कारण गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी मला तेच सांगितलं होतं.

गाडी म्हणजे २०१४ची पेट्रोल एर्टिगा. सप्टेंबर २०२३मध्ये घेतली तेव्हा ७१ हजार किलोमीटर झालेली होती. एवढी मोठी गाडी आम्हाला लागत नव्हती, पण सोलापूरची आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, काका जाऊन सहा वर्षं झाली, गुडघे गेलेले. बाबा दर महिन्याला तिच्याकडे जायचे. २०२२मध्ये बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला आणि त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. आता त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. आत्याला कधी आडवं पडून आणायची वेळ आली तर मागची सीट मोठी हवी, हा बाबांचा हिशोब होता. माझ्या बायकोचा हिशोब वेगळा होता. घराचा हप्ता, मुलीची फी आणि त्यात दर महिन्याला सहाशे किलोमीटरचं पेट्रोल. "अठरा देते ना नक्की?" असं तिने तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये झाली. मियापूरच्या पंपावर टाकी भरली, झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असं करत सोलापूर गाठलं. येताना हुमनाबादला थोडं पेट्रोल घेतलं (आपण सगळेच घेतो, कर्नाटकात स्वस्त असतं) आणि परत मियापूरच्या त्याच पंपावर टाकी भरली. मीटरवर ६१२ किलोमीटर. दोन्हीकडचं मिळून पेट्रोल ४०.३ लिटर. भागाकार १५.२. समोरच्या पडद्यावर मात्र १६.६ दिसत होतं.

अठरा नाही, साडेसोळा नाही, पंधरा! फेरीमागे पाच-सहा लिटर जास्त. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मी इंजिनिअर माणूस, तेव्हा आकडा आवडला नाही की आधी मोजमापावर संशय. आणि संशय खरा निघाला. आधीच्या मालकाने १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/६५चे टायर बसवले होते. चाकाचा व्यास त्यामुळे दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटर बिचारं जुन्याच हिशोबाने मोजत राहतं. पुढच्या वेळी बाबांनी चष्मा पुसून रस्त्याकडेचे दगड मोजले. त्यांना डाव्या बाजूचं अजून बरं दिसतं. शंभर दगड झाले तेव्हा मीटर अठ्ठ्याण्णववर होतं. म्हणजे ६१२ नव्हे, ६२४ किलोमीटर, आणि ॲव्हरेज १५.५. तीन दशांश मिळवायला एवढा खटाटोप केला म्हणून बायको हसली, पण बाबा खूश होते.

बाबांची वही ही स्वतंत्र गोष्ट आहे. ते स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होते. चेतक स्कूटर घेतली तेव्हापासून ते प्रत्येक वेळचं पेट्रोल बँकेच्या डायरीत लिहितात. तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि शेवटी शेरा. त्यांची पद्धत अशी की टाकी भरताना नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं. "साहेब, राउंड करतो" म्हणत पोऱ्याने वरून पन्नास-शंभराचं घातलं की सगळा हिशोब गेला. शक्यतो पंप तोच आणि मशीनही तेच, कारण प्रत्येक नोझल थोडं वेगळ्या ठिकाणी बंद होतं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टाक्या झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

एकच चूक होती त्यांची. जाताना १८ पडलं आणि येताना १४, तर ते सरासरी १६ लिहायचे. खरं तर तीनशे किलोमीटरला १८ने १६.७ लिटर लागतं आणि १४ने २१.४. सहाशेला ३८.१ लिटर, म्हणजे १५.७५. ॲव्हरेजांची ॲव्हरेज काढायची नसते, एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागायचं. हे मी सांगितल्यावर ते "असं होय" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आधीची सात पानं हिरव्या शाईने दुरुस्त केलेली होती.

मग प्रश्न उरला अठराचा. कंपनीने या गाडीचा जाहीर केलेला आकडाच १६.०२ होता, तोही चाचणीतला. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ही चाचणी होते तेव्हा गाडी रस्त्यावर नसते, रुळांवर चाकं फिरवत एका खोलीत उभी असते. चालक समोरच्या पडद्यावरचा वेगाचा आलेख गिरवत जातो. सगळं मिळून ११८० सेकंद. त्यातले पहिले ७८० शहरी, थांबत-चालत, आणि उरलेल्या ४०० सेकंदांत वेग वाढत एकदा ९०पर्यंत जातो. एसी बंद. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून हिशोब करतात. म्हणजे हा आकडा ना आपल्या शहराचा, ना सोलापूर रोडचा. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला, आपल्या खिशाला लावायचा नाही.

आणि म्हणूनच हायवेला त्याच्यापेक्षा जास्तही मिळू शकतं, हे मला बाबांनी दाखवलं. पहिल्या फेरीत मी १००-११०ने गेलो होतो. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "ऐंशीच्या वर काटा दिसला तर मी झहीराबादला उतरून बसने जाईन." गेलो ऐंशीने. टायर सकाळी थंड असताना हवा भरलेली, छतावर काही नाही. दुरुस्त किलोमीटर ६२२, पेट्रोल ३६.६ लिटर. बरोबर १७. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि एर्टिगाचा पुढचा भाग काही बारीक नाही. फेरीमागे वाचले सुमारे चारशे रुपये, आणि जाऊन-येऊन सव्वा तास जास्त लागला. हे परवडतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला सुरुवातीला नाही परवडलं. पण बाबांबरोबरचा सव्वा तास होता तो.

यानंतर मी एक गोष्ट केली ज्याचं आता वाईट वाटतं. हिशोब माझ्या फोनवर घेतला. छान तक्ता केला, आलेख आपोआप निघायचा. बाबांना म्हटलं, आता वही कशाला? ते लिहीत राहिले, पण मला दाखवायचं त्यांनी बंद केलं. माझ्या तक्त्यात तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये होतं. शेऱ्याचा रकाना मी ठेवला नव्हता.

डिसेंबर २०२४मध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलले, घराजवळच्या एका गॅरेजमध्ये. जानेवारीत ॲव्हरेज १६.७ आलं. मार्चमध्ये १६. एप्रिलमध्ये १५.२. वेग तोच, माणसं तीच. गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "पुरानी गाडी है साब, इत्ताच देती." मला ते पटलं नाही, पण माझ्याकडे त्याहून भारदस्त कारण तयार होतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. वर उन्हाळा, एसी. मी जेवताना हे सगळं समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "गाडीला काहीतरी अडतंय." मी म्हटलं, बाबा, इथेनॉल.

सतराचे सात टक्के काढले तर उत्तर पावणेसोळाच्या आसपास येतं. पंधरा-दोनमध्ये अजून काहीतरी होतं. हा भागाकार मला दहा सेकंदात करता आला असता. केला नाही, कारण कारण सापडलेलं होतं.

जूनमध्ये आत्याला हैदराबादला आणायचं ठरलं. हृदयाची झडप बदलायची होती. जातानाच्या टाकीने १४.४ दाखवलं. येताना आत्या मागच्या सीटवर उशांना टेकून, पायाशी बायको, पुढे बाबा. आत्याच्या गोळीची वेळ झाली म्हणून उमरग्याच्या अलीकडे एका हॉटेलापाशी थांबलो. नंतर गाडी सावलीत घ्यावी म्हणून हँडब्रेक सोडला, न्यूट्रल केली. जागा चांगली उताराची होती. गाडी हलली नाही.

"बघ," बाबा म्हणाले, "उतारावर उभी आहे."

ते खाली उतरले. उजव्या चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली, मग वळसा घालून डाव्या. मला बोलावलं. पुढच्या डाव्या चाकातून तव्यासारखी झळ येत होती. आणि वास. क्लच जळाल्यावर येतो तसा, पण जास्त कडवट. एप्रिलमध्ये हाच वास आला होता आणि मी म्हटलं होतं, पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल.

हॉटेलवाल्याने आत्याला पंख्याखाली खाट दिली आणि गावातून मिस्त्री बोलावून घेतला. चाक निवेपर्यंत त्याने हात लावला नाही, पाणीही मारू दिलं नाही, तापलेली डिस्क वाकते म्हणाला. मग खोललं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जाम झाली होती. तिच्यावरचं रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी वाळलेली माती. डिसेंबरात पॅड बदलताना ते कोणी पाहिलं नव्हतं. दोष गाडीचा नव्हता. सहा महिने ते चाक थोडा थोडा ब्रेक लावलेल्या अवस्थेत फिरत होतं. आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. मिस्त्रीने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हे हैदराबादपर्यंत पोचलं नसतं. जोरात ब्रेक मारला असता तर गाडीने एका बाजूला ओढ घेतली असती."

मागे खाटेवर आत्या विचारत होती, किती वेळ आहे रे अजून.

त्याने पिन सोडवून साफ केली, ग्रीस भरलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. अडीच तास गेले. साठने घरी आलो, दर अर्ध्या तासाला थांबून चाकाजवळ हात नेत. त्या रात्री मी बाबांची वही मागितली. एप्रिलच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं: "डाव्या चाकाकडून वास. चि. म्हणतो ट्रकचा." त्याआधी मार्चमध्ये: "गाडी सोडल्यावर पूर्वीसारखी धावत नाही." आणि जानेवारीत नुसतं: "०.३ कमी. का?"

आत्याचं ऑपरेशन नीट झालं. ती आता आमच्याकडेच असते. महिन्याआड तिचं घर झाडून यायला आणि तिच्या ओळखीच्या बायकांना भेटवायला सोलापूरला जातो. इथेनॉल धरून, एसी लावून, चार माणसं आणि येताना चादरी-चटण्यांचं सामान, असं गाडी साधारण १६.३ देते. यंदा कोजागरीला मी तोच आकडा सांगितला. दोघांनी सहानुभूतीने पाहिलं आणि एकाने चांगल्या मेकॅनिकचा नंबर दिला.

फोनवरचा तक्ता मी काढून टाकला नाही, त्यात एक रकाना वाढवला आहे. पण तो भरायला बाबांची वहीच उघडावी लागते. गेल्या फेरीची ओळ अशी आहे: मीटर ६१८, दुरुस्त ६३०, पेट्रोल ३८.६, ॲव्हरेज १६.३. शेरा: "चारही चाकं थंड. अक्का झोपली होती. नळदुर्गनंतर चि.ने दोनदा ९५ केले, मी झोपलो आहे असे समजून."