ग्वाल्हेरहून गोव्याच्या बेटांवर

ग्वाल्हेरच्या काही मराठी कुटुंबांनी आठवडाभर समुद्रकाठी जाण्याचा बेत आखून आमचा सल्ला विचारला. गोवा एक्स्प्रेस येथे थांबते. पण जाताना दोन रात्री, येतानाही तितक्याच. हाती उरतात जेमतेम तीन दिवस. म्हणून धावपळ नको. मांडवी व झुवारी यांमधील तिसवाडी बेटच पुरे. मिरामारची वाळू मुलांसाठी, १६०५ साली अभिषेक झालेले बॉम जेझूचे मंदिर वडीलधाऱ्यांसाठी. तेथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर अवश्य जावे. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले. देव नदीपलीकडे नार्व्यास गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी हे जड वाटते खरे, तरी मुलांना नार्वेही दाखवावे. संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणाची गर्दी सोसत असेल, तरच तो मुहूर्त धरावा.