थकवा मोजताना

लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात थकवा मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी ‘फॅसिट-फटीग’ ही परिचित आहे. तिच्यात मागच्या 7 दिवसांविषयी 13 विधाने असतात. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 52; जितके गुण जास्त तितका थकवा कमी. ती मुळात कर्करुग्णांतील रक्तक्षयासाठी तयार झाली, म्हणून दिवसा झोप घ्यावी लागते का, नेहमीच्या कामाला मदत लागते का, असे प्रश्न तिच्यात आहेत.

थकवा मोजण्याचे काम रक्ततपासणी करू शकत नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया या रेषेखाली होत्या. पण हा आकडा आणि थकवा बरोबरीने चालत नाहीत. रक्त हळूहळू कमी झाले तर हृदय वेग वाढवून निभावून नेते आणि बाईला आपण दमलो आहोत हेच उमगत नाही. उलट, स्नायूंनाही लोह लागत असल्याने साठा आटलेल्या स्त्रीला हिमोग्लोबिन ठीक असतानाही गळून गेल्यासारखे वाटते. म्हणून रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिनही पाहतात. मात्र अंगात ताप किंवा सूज असेल तर ते खोटेच वाढलेले दिसते.

प्रस्तुत लेखिकेचे हिमोग्लोबिन 9 च्या खाली होते तेव्हा ती जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात कापूस वेचणीला जात असे. प्रश्नावलीत तिला बरे गुण पडले. दिवसा झोपता का? नाही. वेचणीच्या हंगामात दिवसा झोपते कोण! मदत लागते का? मागायची कुणाकडे? विश्रांती घेणे आपल्या हातात आहे असे ही विधाने धरून चालतात. थकवा उमटला तो बांधावरच्या वजनकाट्यावर. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. सोबतच्या बायकांपेक्षा तिचे गाठोडे रोज हलके भरे आणि दुपारनंतर तिची पात मागे राही. घरच्यांनी आणि तिने स्वतःही याला आळस म्हटले होते.

कामाच्या मापाने रक्तक्षय पाहण्याला आधार आहे. 1979 मध्ये इंडोनेशियातील रबर मळ्यांवरचा आणि श्रीलंकेतील चहामळ्यांवरचा असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. लोह दिल्यावर रक्तक्षयी मजुरांचे काम वाढल्याचे दोन्हींत दिसले.

लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालना जिल्ह्यात रक्तातले लोह कमी, ही कोटी सुचते खरी. उपचारात तिचा उपयोग नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते, क जीवनसत्त्वाने जास्त. मोसंबी इथलीच, पण ती बाजारात जाते. लेखिकेला लिंबू परवडले. गोळ्यांनी मळमळे, शौच काळी होई. अनेक बायका इथेच गोळ्या सोडतात. काही आठवड्यांनी चढावर लागणारा दम आधी कमी झाला, गाठोडे त्यानंतर भरू लागले. प्रश्नावलीतले गुण फारसे हलले नाहीत, कारण ते आधीच वर होते. हिमोग्लोबिन सुधारले तरी साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे सुमारे 3 महिने चालू ठेवतात.