वऱ्हाडातला अर्धा र

तुमच्या मोबाईलवर ‘वऱ्हाड’ हा शब्द टाईप करून बघा. ‘व’ आणि ‘हा’ यांच्या मध्ये पापणीसारखी एक छोटी आडवी रेघ दिसेल. आता हाच शब्द दहा-पंधरा वर्षं जुन्या एखाद्या वेबपानावर किंवा पीडीएफमध्ये शोधा. तिथे तो ‘वर्हाड’ असा भेटण्याची बरीच शक्यता आहे. ‘ह’च्या डोक्यावर रफार आणि आमच्या मुलखाचं नाव चुकलेलं.

मराठीत ‘र’ दोन तऱ्हांनी अर्धा होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे एकापेक्षा जास्त दरी. आचार्यांना नमस्कार करायचा असतो, आचाऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे द्यायचे असतात. हिंदीला हा फरक लागत नाही. त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून देवनागरीचं काम करणाऱ्याला ही पापणी आठवायचं कारणच नसतं. आम्हाला मात्र तिच्याशिवाय ना मुलखाचं नाव लिहिता येत, ना ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द. या दोन शब्दांवाचून अमरावती-अकोल्याची कुठली बातमी पूर्ण होते सांगा?

युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर आहे. ते मुळात दक्षिणेकडच्या भाषांमधला वेगळा ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेलं. मराठीत ते अख्खं कधी वापरत नाहीत, पण अर्धं केलं की आपली पापणी मिळते. पण हा झाला कागदावरचा नियम. पडद्यावर ती रेघ उमटायला दोन गोष्टी लागतात, ती आकृती असलेला फॉन्ट आणि अक्षरं नीट जुळवून मांडणारा प्रोग्राम. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या चारही ठिकाणी हे जुळवणीचं काम ‘हार्फबझ’ नावाचा एकच प्रोग्राम करतो. नाव फारसी वळणाचं आहे, हर्फ म्हणजे अक्षर. तो ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कोणीही उघडून वाचावा, मराठीचं काही चुकत असेल तर कळवावं आणि येत असेल तर स्वतः दुरुस्त करावं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अमरावतीत शिकलो. ओपन सोर्सबद्दल माझं मत या अर्ध्या ‘र’भोवती बनलं आहे. आपण ओपन सोर्स म्हणजे फुकट असं समजतो. माझ्या मते फुकटपणा ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब आहे. ज्याला काटा टोचतो त्यालाच तो काढायची मुभा आहे, ही खरी बाब.

*

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की तो एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, निव्वळ छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. ही गोष्ट आमच्या पिढीने कॉलेजात शंभरदा ऐकली. तिच्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तुकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

लिनक्सच्या पहिल्या लायसन्समध्ये अट होती की कोणीही घ्या, बदला, वाटा, पण पैसे घ्यायचे नाहीत. ऐकायला किती उदात्त! पण लोकांना ते फ्लॉपीवर कॉपी करून वाटायचं होतं, आणि फ्लॉपीला पैसे पडतात, टपालाला पैसे पडतात. तेवढे वसूल करायचीही सोय नव्हती. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने ती अट काढून जीपीएल हे लायसन्स लावलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून ते आलेलं. जीपीएलमध्ये पैसे घ्यायला मनाई नाही. अट वेगळीच आहे. ज्याला प्रोग्राम द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे, आणि तो बदलून पुढे देण्याचा हक्कही. फुकटपणाची सक्ती गेली, मोकळिकीची आली. लिनक्स दूरवर पसरलं ते त्यानंतर.

दूरवर म्हणजे अगदी अकोल्यापर्यंत. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं, तेही मोजक्या महानगरांत. माझ्या मामाने तो अंक स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून घेतला होता. अकोल्यात जुन्या कॉटन मार्केटजवळ त्याचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, अधूनमधून एखाद्या हौशी कवीचा संग्रह. ती सीडी त्याच्या मशीनवर कधी धड चालली नाही, पण त्याने ती जपून ठेवली.

पुढे उबुंटूवाले मागेल त्याला टपालाने सीडी पाठवायचे. २००५ ते २०११ ही योजना चालली. मामाने मागवली. परदेशातून पाकीट आलं, आत चकचकीत सीडी, टपालखर्चही त्यांचाच. आजोबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “काहून फुकट देऊन रायले बे हे लोक? त्याईले काय भेटते?”

मामाला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, आणि त्याचं उत्तर असं की काही लोकांना भरपूर मिळतं. आयबीएमने २००१ या एका वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करायचं जाहीर केलं होतं. त्याच आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्स कंपनी ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ हे मोकळे फॉन्ट खुले केले तेही रेड हॅटनेच. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या टोपीचा रंग. यात धर्मादाय काही नव्हतं. पण कंपनीचा स्वार्थ असूनही फॉन्ट मोकळा झाला, आणि एकदा मोकळा झालेला फॉन्ट पुन्हा कुलपात घालता येत नाही. लायसन्सची करामत ती हीच.

*

कुलूप म्हणजे काय, हे मी मामाच्या दुकानात पाहिलं आहे.

त्याचं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा तो ठोकळा. ठोकळा नाही तर मराठी नाही. पुढे नव्या मशीनांना तो पोर्टच येईनासा झाला. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं तिने नवीन आवृत्ती विकत घ्या म्हणून सांगितलं. तोवर डीटीपीचा धंदाच बसला होता, लोक पत्रिका व्हॉट्सअपवर पाठवायला लागले होते. मामाने शटर ओढलं. राहिली ती जुनी हार्डडिस्क.

त्या हार्डडिस्कवर एक निवृत्त शिक्षिका बाईंचा संग्रह होता. त्यांनी अकोट आणि दर्यापूर तालुक्यांतल्या गावांत फिरून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. मामाने अर्धं पुस्तक लावलं, मग पैशांअभावी छपाई राहिली. पुढे बाई वारल्या. त्यांच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्याही बहुतेक उरल्या नसतील. म्हणजे त्या ओव्या आता फक्त पेजमेकरच्या फायलींमध्ये होत्या, आणि त्यातलं मराठी खरं तर मराठी नव्हतंच. जुन्या फॉन्टमध्ये संगणक साठवतो ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. वर फॉन्टचा मुखवटा चढवला की ते मराठी दिसतं. मुखवटा काढला की नुसतं कडबोळं.

मामी म्हणाली, “तुले येत असन त पाय बाप्पा काही.”

दोन महिने शनिवार-रविवार त्यावर गेले. पेजमेकर कधीचं बंद झालेलं. पण लिबरऑफिसला २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडता येतात. कोणीतरी तो बंद फॉरमॅट बाइटगणिक उलगडून त्यासाठी लायब्ररी लिहिली. त्यांचा-माझा काही संबंध नाही, त्यांना अकोला कुठे आहे हेही ठाऊक नसेल. मजकूर बाहेर आला. मग फॉन्टमधली एकेक आकृती बघून कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर याचा तक्ता केला आणि पायथनमध्ये कन्व्हर्टर लिहिला. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं याच्या उलट. हे सगळं जागच्या जागी हलवावं लागतं. अर्ध्या ‘र’ला मात्र जुन्या फॉन्टमध्येही स्वतंत्र घर होतं, कारण तो फॉन्ट मराठी माणसांनी मराठीसाठीच केलेला. कुलूप लावणारे अडाणी नव्हते. त्यांना मराठी आमच्याइतकंच कळत होतं. फक्त किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली होती.

साडेतीनशेच्या वर ओव्या निघाल्या. आज ती साधी मजकुराची फाईल आहे, कुठल्याही फोनवर उघडते.

*

आमच्याकडे ही गोष्ट समजावून सांगायला बियाण्याचं उदाहरण पुरतं. कपाशीचं सरळ वाण असेल तर सरकी राखून पुढच्या मृगात पेरता येते. संकरित वाणाचं तसं नाही. राखलेली सरकी पेरली तर मूळ गुण टिकत नाहीत, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि ती आपल्याकडे मुख्यतः संकरित रूपातच विकली गेली. त्याआधी २००१ मध्ये संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जीपीएलच वाचतोय असं वाटलं.

पण हे उदाहरण एका जागी तुटतं. बियाणं राखायचा हक्क असला तरी उन्हाळ्यात ते निवडायचं आणि किडीपासून जपायचं काम कोणीतरी करावंच लागतं. कोडचंही तसंच आहे, आणि नेमकं हेच काम करणारे हात आपण मोजत नाही.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरण उघडकीला आलं. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरांवर असलेली, फायली लहान करणारी ही छोटी लायब्ररी वर्षानुवर्षं एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. मदतीच्या मिषाने कोणीतरी दोन वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून चैन पडेना, म्हणून तो सापडला. अब्जावधींच्या कंपन्या त्या लायब्ररीवर उभ्या होत्या आणि राखणीला होता एकच दमलेला माणूस.

म्हणून सुरुवातीच्या लिनक्सच्या दिवसांची आरती ओवाळणं मला जमत नाही. तिथे यायला इंग्रजी लागायचं, फोन लाईन लागायची आणि रात्री जागायला रिकामा वेळ लागायचा. भारनियमनात बारा-बारा तास काढणाऱ्या वऱ्हाडी पोरापोरींकडे यातलं काय होतं? बोलण्याची तऱ्हाही रांगडी. नवख्याचा कोड चुकला की चारचौघांत धिंडवडे निघत. टोरवाल्ड्सने स्वतःच्या अशा वागण्याबद्दल माफी मागितली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, तब्बल २७ वर्षांनी. दार उघडं होतं हे खरं, पण उंबरठा कमरेएवढा होता.

आता फोन खिशात आहे, डेटा स्वस्त आहे, उंबरठा बराच खाली आला आहे. आपण काय केलं? २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो जणांनी जगभरच्या प्रकल्पांना निरर्थक बदल पाठवले, कुठे एक शब्द वाढव, कुठे एक टिंब. एका भारतीय व्हिडिओने त्याला हातभार लावल्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. मला त्या पोरांचा राग येत नाही. प्लेसमेंटला गिटहबचे हिरवे चौकोन विचारतात, तर ती चौकोन रंगवणारच. पण तेवढ्याच कष्टात त्यांना स्वतःच्या भाषेतली एक चूक दुरुस्त करता आली असती, आणि हे त्यांना कॉलेजात कोणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

सातबाऱ्यावर नाव असून जमीन वर्षानुवर्षं पेरली नाही तर तलाठी तिथे ‘पड’ लिहितो. मालकी तुमची, पण उगवत काहीच नाही. मराठीचा ओपन सोर्समधला हिस्सा मला असाच दिसतो. हक्क कोणी हिरावलेला नाही. भाषांतरं अर्धवट पडून आहेत आणि जी आहेत त्यात ‘फाईल’ला ‘संचिका’ म्हणतात, जी अमरावतीच्या कुठल्याही कचेरीत मागितली तर बाबू चष्म्यावरून बघेल.

करायला काय लागतं, याचं एकच उदाहरण देतो. हनस्पेल नावाचा स्पेलचेकर लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये आहे. तो हंगेरियन भाषेसाठी लिहिला गेला, कारण जुने स्पेलचेकर हंगेरियनला पुरे पडत नव्हते. ज्यांना टोचलं त्यांनी काटा काढला आणि तो साऱ्या जगाच्या कामी आला. त्याचा शब्दकोश म्हणजे साधी मजकुराची फाईल. पहिल्या ओळीत शब्दांची संख्या, पुढे एका ओळीत एक शब्द. बाईंच्या ओव्या मी त्यात टाकल्या तेव्हा निम्मं पान लाल रेघांनी भरलं. ‘काहून’ चूक, ‘भेदरं’ चूक, ‘पोट्टं’ चूक. सध्या मी आणि बडनेऱ्याची एक मैत्रीण त्या लाल रेघांची यादी करतोय. प्रत्येक शब्द दोघांनी तपासायचा, अर्थ लिहायचा, मग शब्दकोशात टाकायला पाठवायचा. आतापर्यंत चारशे बारा झाले. ‘बयाड’वर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.