भट्टीवरची नानकटाई

आसनगाव स्टेशनात उतरलं की शहापूर तीनेक किलोमीटर. रिक्षात बसल्या बसल्या माहुलीचे सुळके दिसायला लागतात आणि नवा पाहुणा हटकून विचारतो, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?" तसं पुष्कळ आहे. माहुलीचा किल्ला आहे, तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. मुंबईकरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणी आमच्या ह्याच तालुक्यातलं. पण हे झालं पाहुण्यांसाठी. आम्हा बायकांना विचाराल, तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पाहण्यासारखं ठिकाण एकच, बेकरीची भट्टी!

तुमच्याही गावात ही पद्धत असेलच. मैदा, पिठीसाखर, तूप आपण घरून न्यायचं, बेकरीवाल्याने पीठ मळून नानकटाई भाजून द्यायची आणि किलोमागे मजुरी घ्यायची. मग काय, दुपारची जेवणं आटोपली की पिशव्या, पत्र्याचे डबे आणि कडेवर एखादं पोर अशी आमची वरात निघते. डब्यावर खडूने आडनाव लिहायचं, भट्टीमागच्या पडवीत नंबर लावायचा आणि आपल्या तुपावर डोळा ठेवून बसायचं. डोळा ठेवायचा कशासाठी, हे कोणी बोलत नाही. पण ठेवतात सगळ्याजणी.

खरं म्हणजे आमचा हा सगळा मुलूख भाताचा. शहापूर घ्या की मुरबाड घ्या, खाचरात भात आणि माळावर नाचणी, वरी. भाकरी तांदळाची. गहू घरात येतो तो दुकानातून. आगगाडी कसाऱ्यापर्यंत गेली १८६१ साली, म्हणून शहापूरकर स्वतःला पुढारलेले समजतात. माझं माहेर मुरबाडचं, तिथे आजसुद्धा रेल्वे नाही. पण पाव मात्र दोन्हीकडे सारखाच पोचला. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. गोव्यातले पोदेर माडाची सूर घालून पीठ फुगवायचे, असं कॉलेजात असताना वाचलं होतं. आमच्याकडे मात्र तो बरीच वर्षं आजाऱ्याचं अन्न म्हणूनच वावरला. माझ्या सासूबाई किन्हवलीकडच्या. घरात कोणी पाव आणला की त्या अजून आधी विचारतात, "कोणाला बरं नाही?" शहापूरच्या सरकारी दवाखान्यात पेशंट असला की गावाकडची माणसं भेटायला येताना अजूनही लादी नाहीतर टोस्टचा पुडा घेऊन येतात. नुसत्या हाताने कसं जायचं!

तर सांगत होते ते माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं. आता त्याला बारा वर्षं झाली. मी बी.ए. झालेली, नव्या घरात काहीतरी करून दाखवायची हौस होती. सासूबाई म्हणाल्या, "बेकरीत वनस्पती वापरतात, ते नको. साजूक तूप घालून कर." महिनाभर साय साठवली, लोणी काढलं आणि नेमकं भट्टीवर जायच्या दिवशी सकाळी कढवलं. घाई झाली. तूप कोमट असतानाच डब्यात ओतलं. दोन किलो मैदा, दीड किलो साखर, दीड किलो तूप. साखर घरच्या मिक्सरवर दळलेली, बोटाला जराशी कणी लागत होती. म्हटलं, विरघळेल की!

आमच्या त्या भट्टीचं वेळापत्रक मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लाकडं भट्टीच्या पोटातच जाळतात. आतली जमीन आणि घुमट तापला की निखारे कडेला सारायचे, ओल्या पोत्याने जमीन पुसून घ्यायची आणि पहिल्या कडक आचेवर पाव लावायचे. पाव निघाले की आच जरा उतरते, मग खारी. त्याहून उतरली की बिस्किटं आणि आम्हा बायकांची नानकटाई. अगदी शेवटी, भट्टी नुसती ऊबदार उरली की पावाच्या कापांचे टोस्ट रात्रभर वाळायला ठेवायचे. एकदा पेटवलेल्या लाकडावर दिवसभराचा असा सगळा संसार! आपल्या चुलीवर भात उतरला की मागच्या वैलावर दूध ठेवावं, तसंच की हे.

माझा नंबर लागेपर्यंत साडेचार वाजले. पीठ मळायला सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा होता. त्याने तुपाचं झाकण काढलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटला. भट्टीच्या आणि बायकांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. अर्ध्या तासाने पत्रे बाहेर आले. माझ्या आधी एका वहिनींची नानकटाई निघाली होती. गोल, फुगीर, वर छान तडे गेलेली. माझी पाहते तो सगळी पसरलेली! एकीला एक चिकटलेली, चपट्या पुऱ्यांसारखी, तेलकट चकाकणारी. वहिनींचाही मैदा दोन किलोच. त्यांचे दोन डबे गच्च भरले, माझा दुसरा अर्धासुद्धा भरला नाही.

पडवीत वीस-पंचवीस बायका होत्या. शेजारची कोणीतरी हळूच म्हणाली, "तूप काढून घेतात हो, आणि तेल घालतात." एवढं पुरे झालं. मी त्या पोराला सगळ्यांसमोर विचारलं, "माझं तूप कुठे गेलं?" तो म्हणाला, "बाई, सगळं घातलं." मी म्हटलं, "मग हे असं कसं झालं?" तो काही बोलला नाही. मालक पुढे आले. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी, माझा आवाज कसा लागतो ते मला माहीत आहे! त्यांनी माझी मजुरी घेतली नाही, वर पोराला चार शब्द सुनावले. मी डबे उचलले आणि ताठ मानेने घरी आले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नानकटाईचा एक तुकडा तोंडात टाकला. म्हणाल्या, "तूप आपलंच आहे गं." मग विचारलं, "वजन केलंस का?"

वजन कुठलं करते! त्यांनी मागच्या घरातून तराजू काढायला लावला. नेलेला जिन्नस पाच किलो. डब्यांतली नानकटाई भरली पावणेपाच किलोच्या वर. भाजताना थोडं पाणी उडतं, ते सोडलं तर काहीच कमी नव्हतं. चपटी असल्यामुळे एकावर एक दाटून बसली होती, म्हणून डबा अर्धा दिसत होता इतकंच. चव तर अशी की भाऊबीजेपर्यंत डबा संपलासुद्धा.

कारण पुढे समजलं, आता मी ते सगळ्यांना सांगत असते. तूप थिजलेलं, रवाळच हवं. ते हाताने फेसून पांढरं हलकं झालं, की मग पिठीसाखर घालायची. फेसताना आत जी हवा धरली जाते, तिच्यावर नानकटाई फुलते. पातळ तुपात हवा धरत नाही, आणि आचेला पीठ घट्ट व्हायच्या आत तेच आधी पळतं. साखर जाडी राहिली तर तीही भट्टीत वितळून पसरायला मदत करते. साजूक तूप वनस्पतीपेक्षा लवकर वितळतं, म्हणून ते किलोला पाऊण किलोपेक्षा थोडं कमीच घ्यावं. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप आदल्या दिवशीच कढवून ठेवावं, हे तर आलंच.

पण हे कळूनही मी भट्टीवर जाऊन काही बोलले नाही. लाज वाटली, दुसरं काय? महिनाभर दुसऱ्या बेकरीतून पाव आणला. आमचे हे हसायचे, "दोन गल्ल्या लांब जायला लागलीस, पाव गोड लागतो वाटतं?" शेवटी एकदा गेले, तेव्हा तो पोरगा नव्हता. "गेला," एवढंच मालक म्हणाले. गावी गेला, की काम सोडून गेला, की काढला, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर त्या काउंटरपाशी उभी राहिले की माझं लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे जायला लागलं. मी पाव घेताना बोटाने दाबून बघते. ताजा असला की दबतो आणि पुन्हा वर येतो. मला कधी कोणी काही बोललेलं नाही. एकदा माझ्या पुढे एक ठाकर बाई उभी होती, कडेवर मूल. तिने तसंच बोट लावलं, तर गल्ल्यावरचा माणूस केवढ्यांदा ओरडला, "ए, दाबू नको!" तिने हात मागे घेतला आणि खारीचा चुरा मागितला. तुटलेली खारी, टोस्टचे तुकडे, तळाला राहिलेला भुगा असा तो चुरा निम्म्याहून कमी भावात मिळतो. तिच्या मागे मी. मी पाव दाबला. तो माणूस म्हणाला, "घ्या बाई, आत्ताच उतरलाय."

दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळेत माझ्या वर्गातली चार-पाच नावं तेवढ्या दिवसांत हजेरीवर नुसतीच राहतात. निघायच्या आदल्या दिवशी ती माणसं बेकरीत येतात आणि टोस्ट घेतात किलोवर. टोस्ट दोनदा भाजलेला, पंधरा दिवस काही होत नाही, चहात बुडवला की पोरांचं पोट भरतं. एकदा एका मुलीने मला काउंटरवर पाहिलं आणि आईला म्हणाली, "बाई!" आईने घाईघाईने पदर सावरला. माझ्या पिशवीत त्या दिवशी केक होता. का कोण जाणे, मी पिशवी मागे घेतली.

ह्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी फारच उचल खाल्ली, म्हणून माहेरचा फराळ करायला मी वसुबारसेच्या आधी मुरबाडला गेले. शहापूरहून शेणवे, किन्हवली करत एस.टी. सरळगावला निघते आणि तिथून मुरबाड. त्या दिवसांत ह्या रस्त्याने जावं! दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन आडवं पडलेलं, कुठे कापणी चाललेली, कापलेल्या भाताचा वास खिडकीतून आत येत असतो. काळू नदीच्या पुलावर गाडी आली की मला माहेर आल्यासारखं वाटतं, मग मुरबाड अजून कितीही लांब असो. मांडीवर तुपाचा डबा होता. दोन दिवस आधी कढवलेलं, चांगलं थिजलेलं.

मुरबाडची ती बेकरी माझ्या लहानपणची. वडील बाजारातून येताना तिथलेच बटर आणायचे. भट्टी अजून लाकडाचीच. मालकांशी बोलता बोलता मुंबईचा विषय निघाला. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जावं, असं जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईपुरतं सांगितलं, ते त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं. "आपल्याकडे पण येईलच कधीतरी," ते म्हणाले. "धूर वाईटच, पण नवी भट्टी घ्यायला पैसा कुठून आणू?" ह्यावर मी तरी काय बोलणार!

मागे पीठ मळायला एक तिशीच्या आसपासचा माणूस होता. हात कोपरापर्यंत पांढरे. त्याने माझ्या डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि बोट लावून विचारलं, "घरचं का?"

त्या बोट लावण्यावरून मी त्याला ओळखलं. तेव्हाही त्याने असंच आत पाहिलं होतं. पडवीत आठ-दहा बायका होत्या, तोंड उघडेना. पण म्हटलं, ते सगळ्यांसमोर बोलले होते, मग हेही सगळ्यांसमोरच बोलायला हवं. "तुम्ही शहापूरला होतात ना? एका दिवाळीला मी तुमच्यावर तुपाचा आळ घेतला होता. तूप माझंच पातळ होतं. घरी जाऊन वजन केलं, सगळं बरोबर भरलं."

त्याने क्षणभर आठवल्यासारखं केलं. "त्या दिवाळीला बऱ्याच जणींचं पसरलं होतं बाई," तो म्हणाला. "उकाडा लई होता." मग तूप परातीत काढत म्हणाला, "मी तेव्हा बोललो होतो तुम्हाला, तूप पातळ आहे, थांबा म्हणून."

"मला ऐकू आलं नाही."

"हां, आवाज असतो इथे."

त्याचा पगार कापला होता का, म्हणून तो गेला का, हे ओठांवर आलं होतं. पण तो तूप फेसायला लागला होता. तळहाताने गोल गोल, एका लयीत, पाहता पाहता पिवळं तूप पांढरं झालं. कडेला बसलेल्या एका मुलीला, नवीनच लग्न झालेली दिसत होती, तो म्हणाला, "ताई, तुमचा डबा उन्हातून आणलाय. तो तिकडे माठाजवळ ठेवा, तुमचा नंबर शेवटी घेतो." ती माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "ठेव बाई, ऐक त्यांचं."

नानकटाई उतरेपर्यंत सहा वाजले. ह्या वेळी फुलली होती, तडे गेले होते. मजुरी चुकती केली. एक डबा आईकडे ठेवला, दुसरा शहापूरला न्यायचा होता. शेवटच्या गाडीला गर्दी मरणाची, कशीबशी जागा मिळाली. डबा अजून एवढा गरम होता की मांडीवर धरवेना, पदराची घडी करून खाली घ्यावी लागली. सरळगावला शेजारी एक आजी येऊन बसल्या. वास आला तसं त्यांनी विचारलं, "काय गो, भट्टीवरून आली काय?"

मी झाकण उघडलं आणि दोन त्यांच्या हातावर ठेवल्या.